एका गळावर दोघं

बाळांनो, गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, डिड आजोबा सेल द बोट?" मी "नाही" म्हटलं आणि तेवढ्यात तुमची सॉकरला जायची वेळ झाली. नाही तर का नाही, हे विचारायला तिकडून, तुमच्या ईडन प्रेरी गावाहून, पुन्हा फोन येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते. आई वाचून दाखवेल.

त्या होडीतून आजोबा फ्लाउंडर पकडतात. फ्लाउंडर हा चपटा मासा. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू वर करून तो चिखलात पडून राहतो. आजोबांच्या कोकणातल्या गावी असाच लेपा मिळतो. मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर नोकरीला आल्यावर त्यांनी पहिल्याच वर्षी अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी होडी घेतली. मी पुण्याच्या शाकाहारी घरातली. त्यामुळे माझ्या वाट्याला थर्मास, टॉवेल आणि स्टीलची पट्टी आली. पट्टीवर मी लाल नेलपॉलिशने रेघ मारली आहे. त्या रेघेपेक्षा आखूड मासा परत सोडायचा, असा इथला कायदा आहे.

एप्रिल-मेमध्ये खाडीचं पाणी इतकं गार असतं की मासाही आळसावलेला असतो. तो गळाला हिसका देत नाही, आमिष नुसतं चाखतो. दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाला टेकवायचं, रॉड हळूच उचलायचा, पुन्हा टेकवायचा, आणि एक बोट दोरीवर ठेवून बसायचं. बोटाला अगदी बारीक टकटक लागते. आजोबांनी जन्मभर पेशंटच्या नाड्या पाहिल्या, त्यामुळे त्यांना ती कधी चुकायची नाही.

या वसंतात मात्र चुकायला लागली. दोन शनिवार आम्ही रिकाम्या बादलीने परत आलो. गळावरचा किडा दर वेळी खाल्लेला असायचा. आजोबा म्हणाले, किडे शिळे आहेत. मग म्हणाले, दोरी जाड आहे. मी नवे किडे आणले, नवी दोरी आणली.

तिसऱ्या शनिवारी मी थर्मासमधला चहा स्टीलच्या फुलपात्रात ओतला. ते मला पदराशिवाय, म्हणजे इथे जॅकेटच्या बाहीशिवाय, धरवेना. आजोबांनी ते उघड्या हाताने घेतलं आणि तसंच धरून पाण्याकडे बघत बसले.

"अहो, भाजत नाही?"

"नाही गं. कोमट आहे."

मी पुन्हा हात लावून पाहिला. चटका बसला.

त्यांना पुष्कळ वर्षांचा डायबिटीस. रोज पाय तपासा, बधिरपणा वाटला तर लगेच सांगा, असं हजारो पेशंटना बजावणाऱ्या माणसाने स्वतःची बोटं बधिर झाल्याचं बायकोला सांगितलं नव्हतं. मी खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. सोमवारी डॉक्टरकडे गेलो, औषध बदललं. पण घरी येताना गाडीत ते म्हणाले, "होडी विकू या. रविवारी एकजण बघायला येतोय."

"मग शनिवारी एकदा जाऊन येऊ," मी म्हटलं.

शनिवारी त्यांनी नेहमीच्या जागी गळ टाकला. मी हातमोजा काढला, त्यांच्या शेजारी सरकले आणि त्यांच्या दोरीवर माझी दोन बोटं ठेवली.

"हे काय?"

"तुम्ही रॉड धरा. मी सांगते तेव्हा उचला."

"तुला काय कळणार? तुझ्या माहेरी सुकटसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं."

"इतकी वर्षं तुम्ही न बोलता कधी चिडता ते कळतं. माशाचं काय घेऊन बसलात?"

थोड्या वेळाने मी ओरडले, "आता!" त्यांनी उचललं. शेवाळाचा मोठा झुबका वर आला.

"वा! याची भाजी करणार की भजी?"

मी शेवाळ सोडवून फेकलं आणि पुन्हा दोरीवर बोटं ठेवली. बोटं गारठून दुखायला लागली होती आणि मला भीती वाटत होती की मलाही काही कळणार नाही, आणि उद्या तो माणूस होडी घेऊन जाईल. मग दोरीत काहीतरी झालं. दाराच्या पलीकडून कुणी नखाने वाजवावं तसं. दोनदा.

"आता," मी हळूच म्हटलं.

रॉड वाकला. त्यांच्या मनगटात जोर होता तसाच आहे. त्यांनी सावकाश गुंडाळत तो वर आणला, तपकिरी, आणि उलटला तर खालून पांढराशुभ्र. मी पट्टी लावली. शेपटीचं टोक लाल रेघेच्या अलीकडेच राहिलं.

"शेपूट जरा चिमटीत धर ना, पुरेल," आजोबा म्हणाले.

"नाही पुरत."

"बाई, तू कस्टममध्ये असायला हवी होतीस."

मासा परत पाण्यात गेला. आजोबांनी गळाला नवा किडा लावला, गळ टाकला आणि माझ्या हाताची वाट पाहत रॉड थोडा माझ्याकडे केला. मग म्हणाले, "त्या रविवारच्या माणसाला फोन करून कॅन्सल करून टाक."

"तुम्ही बोलावलंत, तुम्हीच करा."

त्यांनी केला.

त्यांच्या बोटांना अजून काही कळत नाही. होडी निळ्या ताडपत्रीखाली आमच्या ड्राइव्हवेमध्ये आहे. पट्टी ड्रॉवरमध्ये आहे आणि तिच्यावरची लाल रेघ मी परवाच पुन्हा रंगवली.