दोन किलो स्वादुपिंड

इर्मट्राउटच्या दुकानामागे आठवड्याला दहा डुकरं कापली जात, आणि तिच्याच अंगणातल्या कुत्रीच्या बरगड्या मात्र मोजून घ्याव्यात. चौदा महिन्यांची टिल्डा दिवसातून तीनदा पातेलं चाटूनपुसून खायची, तरी सुकतच चालली होती. श्वाबिया भागातल्या त्या रिकामटेकड्या गावाला आयतंच चघळायला मिळालं. "खाटकीण असून कुत्रीला हाडूक टाकताना हात आखडतो!"

सगळ्यात मोठा आवाज गोटहिल्फचा. शेफर्ड कुत्र्यांच्या मंडळाचा हा अध्यक्ष, टिल्डा त्याच्याच घरची. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षराने ठेवायची, ही मंडळाची रीत. टिल्डा 'ट'च्या वेतातली. आता त्याच जोडीचं, म्हणजे गोटहिल्फचा नर नेस्टर आणि टिल्डाची आई यांचं, रोमन लिपीतल्या पुढच्या अक्षराचं, 'उ'चं वेत घ्यायचं चाललं होतं.

"माझ्या नेस्टरचं रक्त चोख आहे, बाई," तो भर सभेत म्हणाला. "पोसवत नसेल तर आल्विनसारखं करा, सुटेल बिचारी."

सगळे हसले. आल्विनने टिल्डाचा सुकलेला भाऊ टासो याच माणसाच्या सल्ल्याने सुई देऊन कायमचा झोपवला होता. इर्मट्राउटच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "हिचं स्वादुपिंड वाढीच्या वयातच झिजलंय. खाल्लेलं पचतच नाही. हे आईबापांकडून येतं. डुकराचं कच्चं स्वादुपिंड वाटून जेवणात कालवा." म्हणजे ती रोज कचऱ्याच्या पिंपात फेकत होती, तेच! दोन महिन्यांत टिल्डाने अंग धरलं.

आजार त्याच्या जोडीतूनच आलाय हे गोटहिल्फला ठाऊक नसेल, समजावून सांगावं, असं तिने ठरवलं. इतकी ती भली. पण सभेच्या दिवशी सकाळीच त्याची बायको दुकानात आली.

"दोन किलो स्वादुपिंड दे गं. आमचा नेहमीचा खाटीक आजारी पडलाय."

"ते कोण खातं?"

"नेस्टर. त्याशिवाय पचत नाही ना त्याला. चार वर्षं झाली की."

"असू दे," इर्मट्राउट म्हणाली. "मीच पोचवते."

संध्याकाळी 'उ'च्या वेतावर मतं घ्यायची वेळ आली, तेव्हा ती रक्ताळलेल्या ॲप्रनसकट आत शिरली आणि पुडकं अध्यक्षाच्या पुढ्यात आपटलं.

"तुमच्या नेस्टरचं औषध! चार वर्षं गपचूप चारताय आणि उपाशी ठेवल्याचा बोल मला लावता? टिल्डाचा आजार ह्याच्याकडूनच आलाय, आणि तो तुम्हाला माहीत होता!"

कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून आल्विन उठला, टेबलापाशी आला, पुडकं उघडून पाहिलं.

"एवढंच लागत होतं?" त्याने विचारलं. "माझ्या टासोला एवढंच लागत होतं?"