गिऱ्हाणबाईंची यादी

कुणाच्याही घरी गेलं की बाई चहाला नाही म्हणायच्या आणि जुनं पंचांग मागायच्या. "च्या नगं. पाच-सात वर्सांमागलं पंचांग हाय का घरात? फाटकं असलं तरी चालंल." गरोदर सुनेचा रक्तदाब बघायला आलेली सरकारी नर्स पंचांग कशाला मागते, हे पहिल्यांदा कुणालाच उमजायचं नाही. मग माळ्यावरून, ट्रंकेच्या तळातून काहीतरी निघायचं. आमच्या घरी तर शेंगदाण्याच्या डब्याखाली अंथरलेलं पान त्यांनी डबा उचलून काढून घेतलं. आई म्हणाली, "अवो बाई, मुंग्या लागल्यात त्याला." बाई म्हणाल्या, "मुंग्या झटकते," आणि खरोखरच अंगणात जाऊन झटकून आल्या.

बाई मूळच्या लोणी भापकरच्या. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी आमच्या कळसच्या बाजूला काढली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. गावाने त्यांचं नाव गिऱ्हाणबाई ठेवलं होतं, गिऱ्हाण म्हणजे ग्रहण. हे नाव पडलं ते एका उन्हाळ्यानंतर. टीव्हीवर सकाळपासून सूर्यग्रहण चाललं होतं आणि आमच्या वस्तीवरच्या एका सात महिन्यांच्या सुनेला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं होतं. अन्न नाही, पाणी नाही, कूस बदलायची नाही. दुपारी तिची शुद्ध हरपली. बाईंनी सलाइन लावलं, तिला बारामतीला पोहोचवलं आणि परतल्यावर चौकशी केली तेव्हा कळलं, ते ग्रहण समुद्रापलीकडे कुठेतरी होतं. आपल्याकडे त्याची सावलीही पडणार नव्हती. दिसत नसलेलं ग्रहण पाळायचं नसतं, हे पंचांगातही छापलेलं असतं. पण तेवढ्या बारीक अक्षरापर्यंत जातो कोण?

त्या दिवसापासून बाईंनी एक वही सुरू केली. भारतातून दिसलेल्या आणि पुढे दिसणार असलेल्या सूर्यग्रहणांची यादी. तारीख, कधी लागतं, कधी सुटतं, भारतात दिसतं का. दोन पंचांगांचं जुळलं तरच शाईने लिहायचं, नाहीतर पेन्सिलीने. पुण्यातल्या कुणा खगोलवाल्यांना त्या जोडकार्ड पाठवायच्या आणि उत्तराची महिना महिना वाट बघायच्या. मी कॉलेजात गेल्यावर त्यांना नेटवर शोधून द्यायला लागले, तर म्हणाल्या, "नेटवर हाय म्हंजे खरं व्हय? तितं तर माझ्या गुडघ्याला बी औषध हाय." मागची ग्रहणं कशाला खरडता, असं मी एकदा कंटाळून विचारलं. त्या वहीवरून मान न उचलता म्हणाल्या, "आळ सगळे मागल्याच बायांवर हायेत, पोरी."

ग्रहण आलं की बाई लसीकरणाच्या कार्डाला सुईने भोक पाडायच्या आणि उपकेंद्राच्या भिंतीवर सूर्याचं कवडशाएवढं बिंब पाडायच्या. ते एका बाजूने कुरतडल्यासारखं दिसलं की समाधान. एकदा दिवसभर आभाळ भरलेलं होतं. बाईंनी वहीत लिहिलं, 'ढग. दिसलं नाही. पण होतं.' मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

पण एवढं करूनही त्या एकदा चांगल्याच फसल्या. मार्च महिन्यात पहाटेचं ग्रहण होतं. 'भारतात: दिसणार' असं शाईने लिहिलेलं. बाईंनी तसं सांगितलं आणि दोन गरोदर बाया रात्रीपासून उपाशी बसल्या. उजाडताना बाई कार्ड घेऊन उभ्या राहिल्या, तर कळसच्या माळावर पुराच्या पुरा गोल सूर्य उगवला. ग्रहण दिसलं ते पूर्वेकडच्या लोकांना; आपल्याकडे सूर्य वर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाई तशाच दोन्ही घरी गेल्या आणि दारातच म्हणाल्या, "माझ्या वहीनं उपाशी ठेवलं तुमाला. चुकले." घरी येऊन त्यांनी वहीतल्या प्रत्येक पानावर पट्टीने आणखी एक रकाना आखला आणि त्याला नाव दिलं, 'हितं'. "भारत केवढा, आपलं कळस केवढं," एवढंच म्हणाल्या. तो रकाना भरायला त्यांची दोन वर्षं गेली.

आता माझं सांगते. मी जन्मले ती दुभंगलेला वरचा ओठ घेऊन. मला हातात घेणाऱ्या बाईच होत्या. पुण्याला ऑपरेशन झालं, ओठ शिवला गेला, आता फक्त व्रण आहे. पण आईचं काही शिवलं गेलं नाही. पंच्याण्णव सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. आईला तेव्हा पाचवा महिना. पाडव्याला पाहुणे येणार म्हणून तिने करंज्या करायला घेतल्या. मी झाल्यावर आजी म्हणाली, "हिनं गिऱ्हाणात कातणं फिरवलं, पोरीचा ओठ कातला." एवढं एकच वाक्य. आजी पुढे गेली, वाक्य घरातच राहिलं. आमच्या घरी नंतर कधी करंज्या झाल्या नाहीत, आणि दिवाळीत फराळाची ताटं आली की आई माझ्या ओठाकडे बघायची. मला त्याचा राग यायचा. तिचा नाही, त्या बघण्याचा.

'हितं'चा रकाना मागे मागे जात पंच्याण्णवपर्यंत पोचल्याचं आईला कळलं, तेव्हा ती आपणहून बाईंकडे गेली. सोबत मी होते. आईने इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "बाई, त्या दिवाळीतलं... हितं खरंच दिसलं व्हतं का वो?" तिला काय ऐकायचं होतं ते मलाही कळत होतं आणि बाईंनाही. बाईंनी वही उघडली, बोट ठेवलं, चष्मा काढून पुसला.

"दिसलं व्हतं, शालन. सकाळचं. बराच भाग झाकला व्हता."

आई "बरं" म्हणाली आणि उठून चालू लागली. मी मात्र बाईंवर उसळले. एक ओळ खोटी सांगितली असती तर काय बिघडलं असतं, असं तोंडावर विचारलं. बाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. "एक ओळ खोटी लिवली तर समद्या खोट्या. उद्या मी कुणाच्या सुनेला म्हणाले, आज गिऱ्हाण न्हाय, जेव. तर तिनं कशाच्या भरवशावर जेवायचं?"

बाईंनी तो विषय सोडला नाही. महिन्याभराने त्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, त्याच दिवाळीत ऊसतोडीच्या टोळीत एक पोटुशी बाई होती, ग्रहणभर कोयता चालवत होती, तिचं बाळंतपण त्यांनीच खोपीत केलं, पोराचा ओठ धडधाकट. आईने ऐकून घेतलं. "असंल. ती नशिबाची असंल," म्हणाली. बाई त्या दिवशी फाटकातून गेल्या त्या पाय ओढतच.

पुढे माझं लग्न झालं, मी बारामतीला एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. बाई निवृत्त होऊन लोणीला राहायला गेल्या. दोन हजार बावीस साली मला दिवस गेले. गणपतीच्या दिवसांत, पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी एकाच जागी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं. मग सांगितलं, बाळाचाही ओठ दुभंगलेला आहे. मी नवऱ्याला सांगितलं आणि बाईंना. आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बाई माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या. त्यांनी एकच विचारलं, "ओठ जुळतो कधी?" डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्या महिन्यात. तेव्हा जुळला नाही तर नाही. त्यानंतर कुणी काहीही करो. पुष्कळदा हे घराण्यातून येतं. बाहेरच्या बाकावर बाई बराच वेळ बसून राहिल्या. मला वाटलं, गुडघा दुखतोय. त्या म्हणाल्या, "दोन महिने. आन् तुझ्या आईला दिवाळीत पाचवा व्हता. मी नर्स असून कधी हे विचारलं न्हाय गं कुणाला. इतकी वर्सं सूर्यामागं पळाले, पोटाकडं बघितलंच न्हाय." खरं तेच त्या बोलत होत्या.

सातव्या महिन्यात मी माहेरी आले, दिवाळीच होती. आणि योग असा, की याही वेळी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीच सूर्यग्रहण. संध्याकाळचं, यादीत शाईने लिहिलेलं, 'हितं: दिसणार.' आईने सकाळीच खिडकीला गोधडी ठोकली, विळी-चाकू उचलून कपाटात कुलूप लावून ठेवले. दुपारी तीनला बाई दारात. एसटीने दोनदा गाडी बदलून आल्या होत्या, घोटे सुजलेले.

"सांगितलंस का आईला?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"नाही. सण होऊन जाऊ दे, मग सांगते."

"मग न्हाय. आत्ता. पाचाला धा कमी असताना गिऱ्हाण लागतंय. त्याच्या आधी तिच्या कानावर गेलं पायजे. उद्या सांगितलंस तर हे बी गिऱ्हाणावर जाईल आन् तिच्यावर बी. अजून पावणेदोन तास हायेत आपल्याकडं."

मी आईला हाक मारली. रिपोर्ट तिच्या हातात दिला आणि सांगितलं. आई आधी माझ्या पोटाकडे बघत राहिली, मग खिडकीवरच्या गोधडीकडे. बाईंनी रिपोर्टावरची तारीख तिला बोटाने दाखवली. "हे गणपतीतलं हाय, शालन. गिऱ्हाण आज लागंल. अजून लागलेलंच न्हाय. ओठ दुसऱ्या म्हैन्यातच ठरतो. हिचा बी तवाच ठरला व्हता, तू करंज्या करायच्या लई आधी."

आईने रिपोर्टाची घडी घातली. मग म्हणाली, "बाई, हे तुमी मला आधी का न्हाय सांगितलं?"

"मला ठावं नव्हतं," बाई म्हणाल्या. "ठावं असायला पायजे व्हतं."

आई रडली नाही. तिने कपाटाचं कुलूप काढलं, कांदा चिरला, पिठलं केलं, भाकरी थापली. पाच वाजून गेले होते. माझ्यासमोर ताट ठेवून ती बाईंबरोबर अंगणात गेली. बाईंनी कार्ड धरलं. भिंतीवर ते इवलंसं कुरतडलेलं बिंब पडलं आणि मला आत आईचा आवाज ऐकू आला, "एवढंसंच?"

त्यानंतर बाई वर्षभरच होत्या. जाण्याआधी त्यांनी वही माझ्याकडे दिली. पुढच्या काही ओळी पेन्सिलीने आहेत, त्या मला अजून शाईने करता आलेल्या नाहीत. कंटाळा येतो, वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या अक्षरावरून हात फिरवायला जिवावर येतं.

माझी मुलगी झाली ती त्या दिवाळीनंतरच्या जानेवारीत, बाई होत्या तेव्हा. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात आई तिला वाटी-चमच्याने दूध पाजत होती. बाई रात्रभर माझ्याजवळ जागलेल्या, पायाशी स्टुलावर बसलेल्या. पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू आली, तिने बाळाचं तोंड बघितलं आणि मायेनेच विचारलं, "अगं बया, गिऱ्हाणात काय चिरलं-बिरलं व्हतं का हिनं?"

आईने चमचा वाटीत ठेवला. "न्हाय," ती म्हणाली. "हिनं काय केलेलं न्हाय." मग त्या सासूकडे सरळ बघत म्हणाली, "आन् मी बी काय केलं नव्हतं."

पलीकडच्या त्या सासूबाईंना हे दुसरं वाक्य कशाला, ते कळलं नाही. त्या "बरं बाई" म्हणून आपल्या खाटेकडे गेल्या. बाईंनी पदराने चष्मा पुसला, तो परत न लावता हातातच धरून ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता जरा पडते गं मी." शेजारची खाट रिकामी होती. तिच्यावर त्या आडव्या झाल्या आणि लगेच झोपल्या. आईने उठून त्यांच्या अंगावर माझी शाल घातली.