भाडेकरणीच्या खोलीतली माझी आई

सणसवाडीत आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत. कोपऱ्यातल्या खोलीत बिहारची एक पोरगी नवऱ्याबरोबर राहायला आली आणि माझ्या जिवाची शांती गेली. तिच्याकडे ना कपाट, ना फ्रिज. कपडे दोरीवर, भांडी जमिनीवर. पण संध्याकाळी कंपनीतून आली की ती उंबऱ्यात बसायची, हातातल्या स्वस्तातल्या फोनवर तिची आई यायची आणि आज काय शिजवलं ते दोघी एकमेकींना दाखवायच्या. तिची आई रेल्वेनं दोन दिवसांच्या वाटेवर. माझी आई इथं पाटसला, आणि तिचं तोंड मी बघणार सणावाराला. दारात चारचाकी उभी असून मला त्या पोरीचा हेवा वाटायचा. सरळच सांगते, पोटात दुखायचं.

आईकडे बटणांचा फोन होता. त्यावर ती "बरी हाय, ठिवते" एवढंच बोलायची. शेवटी मी चौकातल्या दुकानातून तिच्यासाठी एक साधा स्मार्टफोन घेतला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हाच जास्त खपतो, सगळे कामगार हाच नेतात." ऐकून काही बरं वाटलं नाही, पण घेतला. घरी आल्यावर त्यातलं व्हॉट्सॲप मला चालू करता येईना. माझ्या महागाच्या फोनचं सगळं मुलीनं करून दिलेलं, आणि ती हॉस्टेलला. मग भाडेकरणीलाच हाक मारली. तिनं पटापट सगळं केलं, लागतोय का बघायला आधी स्वतःचा नंबर घातला, मग माझा. फोन मी पाटसला नेऊन दिला आणि बोट कुठं ठेवायचं ते आईला शिकवून आले.

मग वाट बघत बसले. आईचा फोन काही येईना. एका संध्याकाळी पाण्याची मोटर बंद करायला मागं गेले, तर कोपऱ्यातल्या खोलीतून आईचा आवाज.

"आदी मेथी निसून घी, मंग धू."

"आज्जी, लहसुन कितना?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आई माझी, फोन मी घेतलेला, आणि लसणाच्या पाकळ्या हिला.

मी दारात उभी राहिले तशी पोरगी हसली. "भाभी, आज्जी रोज फोन करती है." मग तिनंच उलगडून सांगितलं. आईला वाचता येत नाही, ती तोंड बघून फोन लावते. पोरीच्या डीपीला पोरीचं तोंड. पहिल्यांदा आईला ती माझी मुलगीच वाटली, म्हणून बोट ठेवलं, आणि पुढं गप्पा जमल्या. माझ्या डीपीला आमची खोल्यांची इमारत, वास्तुशांतीच्या दिवशी माळा सोडलेली. मोठ्या हौसेनं टाकली होती मी. इमारतीला कोण कशाला फोन लावेल?

त्याच संध्याकाळी मी नथ घातलेला स्वतःचा फोटो टाकला. तरीही मागच्या खोलीतून आईचं हसणं ऐकू यायचंच. माझ्याशी बोलताना ती तशी कधी हसली होती, ते मला आठवेना. शेवटी एका दिवशी उन्हं कलताना मीच व्हिडिओ लावला.

"आई, माझा फोटो दिसत न्हाई का तुला?"

"दिसतो की. नथ घातलीय. चांगला आलाय."

"मग तिलाच कसा लावतीस?"

"तुला कामं असत्यात गं. तुला लावायचं म्हंजी बोट धजत न्हाई. ती रिकामी असती."

ती पोरगी दिवसभर कंपनीत उभं राहून खोकी भरते. मी तेव्हा टीव्ही लावून सोफ्यावर पडले होते.

"मी बी रिकामीच असते, आई."

"व्हय? बरं झालं," आई म्हणाली. "मग ठिवू का आता? तिची सुट्टी झाली आसंल."