झेरॉक्स चालणार नाही

तपासनीस हे त्यांचं नाव नव्हे, पण गल्लीत दुसऱ्या नावाने त्यांना कोणी ओळखत नाही. चौतीस वर्षं त्यांनी बसमधली तिकिटं तपासली आणि तेवढ्या काळात कुणावरही विश्वास टाकला नाही. निवृत्तीनंतर ही सवय घरी आली. बायकोने आणलेली भाजी ते पुन्हा वजन करून पाहतात. सगळ्यात जास्त राग झेरॉक्सवर. पासची झेरॉक्स दाखवणाऱ्या एका मुलीला त्यांनी ऐन परीक्षेच्या दिवशी अर्ध्या वाटेत उतरवलं होतं. ती रडत होती, हेही ते सांगतात, आणि अभिमानाने सांगतात.

दोघं परदेशात मुलीकडे राहायला गेली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी जावयाने दोघांच्या पासपोर्टची एकेक झेरॉक्स हातात ठेवली.

"बाबा, मूळ पासपोर्ट कपाटात राहू देत. इथे खिसेकापू फार. बाहेर पडताना हीच घ्या."

"खिसेकापूंना मी बसमध्ये रोज बघायचो," तपासनीस म्हणाले आणि आपली झेरॉक्स त्याच्यासमोर फाडली. "ह्या चिटोऱ्याला काय किंमत?"

त्या दिवसापासून सासरे-जावयांत मीठ मागण्यापुरतं बोलणं उरलं. बायकोने आपली झेरॉक्स घडी घालून पर्समध्ये टाकली. मूळ पासपोर्ट मात्र दोन्ही नवऱ्याच्या आतल्या खिशात.

परतीचं विमान गुरुवारचं. शुक्रवारी बायकोच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं आणि तिच्या उशाशी बसायला दुसरं कोणीच नव्हतं.

सोमवारी दुपारी दोघं ट्रामने बाजारात निघाली. एका स्टॉपवर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले दोन पुरुष चढले, एक पुढच्या दाराने, एक मागच्या. तपासनिसांचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा खुलला.

"बघ, पुढून एक, मागून एक. आमचीच पद्धत."

दोघे सरळ यांच्यापाशी आले. तिकिटांवर ओझरती नजर टाकून त्यांनी मोडक्या इंग्रजीत पासपोर्ट मागितले. बायकोने पर्समधून झेरॉक्स काढली.

"आत ठेव ती! चारचौघांत लाज काढतेस."

"अहो, पण समोरच्या बाईला त्यांनी तिकीटसुद्धा नाही विचारलं."

"आता तू मला तपासणी शिकव."

दोन्ही पासपोर्ट त्यांनी स्वतःच्या हाताने काढून दिले. एकाने ते उघडले, फोटो आणि चेहरे सावकाश ताडून पाहिले, मग हाताने खूण केली की बसून राहा. पुढचा स्टॉप आला.

"अहो, ते उतरले!"

"वरच्या साहेबाला दाखवायला नेले असतील. तपासणी चालू असताना प्रवाशाने जागा सोडायची नसते."

दार लागलं. ट्राम निघाली. तपासनीस नियमाप्रमाणे जागेवर बसून होते.

संध्याकाळी जावयाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांची ओळखपत्रं तपासलीत का?" मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली.

मंगळवारी वकिलातीच्या खिडकीवरच्या कारकुनाने पासपोर्टची प्रत मागितली. बायकोने घडी उलगडली. त्याने नंबर उतरवून घेतला, फोटो पाहिला. "तुमचा तात्पुरता प्रवासाचा कागद उद्या मिळेल." मग तो तपासनिसांकडे वळला. "तुमची प्रत?"

"फाडली."

"नंबर पाठ आहे?"

चौतीस वर्षांत उतरवलेले फुकटे त्यांना स्टॉपसकट आठवत होते. नंबर आठवेना.

"मग तिकडून खात्री करून मागवावी लागेल. तीन आठवडे धरा."

"मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय! माझ्या शब्दाला..."

"शब्दावर कागद देता येत नाही, काका. पुढचे या."

गुरुवारी विमानतळावर तपासनिसांनी बायकोला बाजूला घेतलं. तीन आठवडे जावयाच्या घरात, त्याच्यासमोर जेवायला बसायचं. बहिणीला दुसरं कोणी बघेल, आपण नंतर बरोबरच जाऊ, असं ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच विनवणीचा होता.

बायकोने पर्सची चेन लावली.

"तुम्ही थांबा मूळ कागद येईपर्यंत," ती म्हणाली. "झेरॉक्सच्या जोरावर केलेला प्रवास तुम्हाला पटायचा नाही."

ती रांगेत शिरली. तिने मागे वळून पाहिलं नाही. जावई गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता.