अबू नासरच्या कॅरॅव्हॅनमधला अलार्म

गेली अकरा वर्षं मी कतारमध्ये लोकांना गॅसगळती झाली तर काय करावं हे शिकवतो, आणि त्याबद्दल मला पगार मिळतो. पद सेफ्टी ऑफिसरचं. पांढरं हेल्मेट, पिवळं जाकीट आणि गळ्यात एक शिट्टी, जी मी आजवर एकदाच वाजवली आहे (चुकून, मीटिंगमध्ये). हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

आई दोन महिन्यांसाठी कुडाळहून दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर आली होती. दोन महिन्यांत आम्ही तिला सात मॉल दाखवले. सातव्या मॉलमध्ये ती बाकावर बसली आणि म्हणाली, "नंदू, ह्यो पयलोच मा रे?" तिला कतारमध्ये एकच गोष्ट करायची होती. माझ्या साहेबांना स्वतःच्या हातचे वडे-सागोती खायला घालायची.

"ज्येच्या जिवार माझो झील हय चार घास खाता, तेका मी उपाशी ठेवून जाव?"

साहेब म्हणजे अबू नासर, आमचे मॅनेजर. ते उपाशी असण्याची शक्यता त्यांच्याकडे बघून कोणाच्याही मनात येणार नाही. पण मी त्यांना आईचा निरोप सांगितला आणि ते विरघळले. सीलाइनच्या वाळूत हिवाळ्यापुरता त्यांचा कॅम्प असतो, तिथे एक कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. किल्ल्या माझ्या हातात देत म्हणाले, "गुरुवारी जाऊन राहा. शुक्रवारी नमाज झाली की मी जेवायला येतो. कॅरॅव्हॅन मी सख्ख्या भावाला देत नाही. तू सेफ्टीवाला, म्हणून देतो." रविवारी आईचं परतीचं विमान होतं. म्हणजे वडे शुक्रवारीच, नाहीतर नाहीच.

सागोती घरून करून नेली होती. वड्याचं पीठ आईने गुरुवारी संध्याकाळी कॅरॅव्हॅनमध्ये मळलं, मधोमध कांदा खुपसला आणि टोपावर झाकण घातलं. पण जानेवारीतलं वाळवंट. सकाळी बघितलं तर पीठ रात्री होतं तसंच.

"थंडीत ह्या येणा नाय," आई म्हणाली. मग माझी बायको मानसी हिने पावासाठी आणलेलं यीस्ट आईने त्यात सढळ हाताने घातलं, आणि टोपासाठी ऊबदार जागा शोधली: बाकाखाली, फ्रिजच्या मागची गरम हवा येते तिथे. मी पाहिलं आणि आईचं कौतुकही केलं. हे लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नाही.

नऊ वाजता कॅरॅव्हॅनमधला गॅसचा अलार्म वाजला. वाजला म्हणजे काय, कानात कोणीतरी पत्रा फाडावा तसा.

"ह्या कित्याक वराडता रे?" आई म्हणाली.

मी या क्षणाची अकरा वर्षं वाट बघत होतो. "कोणी स्विच दाबायचा नाही. काडी ओढायची नाही. सगळे बाहेर." सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या. मानसी बाहेर आली. शेवटी आई आली, टोप कमरेवर घेऊन.

"आई, अशा वेळी सामान सोडून पळायचं असतं."

"ह्या सामान नाय. पीठ आसा."

दहा मिनिटांत अलार्म गप्प झाला. मी रेग्युलेटरचा नट पान्याने पाव फेरा आवळला (तो आधीच आवळलेला होता) आणि जाहीर केलं की दोष सापडला. सगळे आत गेलो. आईने टोप परत उबेला ठेवला. चहा झाला. मानसीने मला दुसरा कप न मागता दिला, यावरून माझी त्या वेळची प्रतिष्ठा कळावी.

कप संपायच्या आत पुन्हा पत्रा फाटला.

पुन्हा सिलिंडर बंद, पुन्हा बाहेर, पुन्हा आई टोपासकट. आता मी साबणाच्या पाण्याची परीक्षा केली. सांध्यावर फेस लावायचा, गळती असेल तर बुडबुडे येतात. साबण नव्हता म्हणून मानसीचा शाम्पू घेतला. एकही बुडबुडा नाही.

"मग वाजलं कशाला?" मानसीने विचारलं.

मी अलार्मचं माहितीपुस्तक शोधून काढलं. "गॅस नसतानाही अलार्म वाजण्याची कारणं" असं पानच होतं. पहिली ओळ: केसांचे स्प्रे आणि सुगंधी फवारे. मी पुस्तक मिटलं आणि अत्यंत शांतपणे बायकोकडे बघितलं.

"मी सकाळपासून केस विंचरलेलेसुद्धा नाहीत," ती म्हणाली.

तरी तिची मेकअपची बॅग मी जप्त करून गाडीत ठेवली. अलार्म तोवर थांबला होताच. "बघितलंस?" मी म्हणालो. हा शब्द मी उच्चारायला नको होता, हे लग्नाला नऊ वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. आत गेलो. टोप बाकाखाली गेला. पंधरा मिनिटांनी अलार्म वाजला, आणि मानसी माझ्याकडे अत्यंत शांतपणे बघू लागली.

तिसरा शोध बॅटरीचा. व्होल्टेज पडलं तरी हे यंत्र ओरडतं. आदल्या संध्याकाळी आईने सागोतीला वरून घालायला ओलं खोबरं मिक्सरवर वाटलं होतं, कॅरॅव्हॅनच्या बॅटरीवर. "आई, तू बॅटरी दमवलीस."

"दोन वाट्ये खोबऱ्यान? कसली रे तुमची बॅटरी."

गाडी जवळ आणली, केबल जोडल्या, अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. यंत्र गप्प. आत गेलो, टोप गेला, यंत्र ओरडलं.

"वायरच काढून टाक ना त्याची," मानसी म्हणाली.

"अलार्म वाजतो म्हणून अलार्म काढणाऱ्याला मी नोकरीवरून घरी पाठवलेलं आहे," मी म्हणालो. हे खरं आहे. त्या माणसाची मला तेव्हा पहिल्यांदाच दया आली.

साडेबारा वाजले. वारा सुटला होता, बाहेर चूल पेटवली असती तर वड्यांवर तिळाऐवजी वाळू लागली असती. अबू नासर तासाभरात येणार. मी बाहेर उभा राहून निकाल दिला: यंत्र बिघडलंय की गॅस गळतोय हे कळत नाही, तोवर आत शेगडी पेटणार नाही. सागोती थंडच वाढू, सोबत पेट्रोल पंपाजवळच्या दुकानातून खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, आणू.

आई वाळूत घडीच्या खुर्चीवर बसली होती. टोप मांडीवर, त्यावर पदर, पदरावर दोन्ही हात.

"म्हणजे वडे नायत?" तिने विचारलं.

रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती टोपाकडे बघत बसली. दोन महिन्यांत तिने एवढं एकच मागितलं होतं, आणि ते मीच, माझ्याच नियमाने, नाकारत होतो.

मानसी आमच्याकडे बघत होती. एकदा टोपाकडे, एकदा कॅरॅव्हॅनच्या दाराकडे.

"अरे, ते यंत्र भिंतीवर इतकं खाली का लावलंय?"

"कारण गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो," मी शिकवण्याच्या सुरात सांगितलं. "म्हणून जमिनीलगत, तिथे बाकाखाली..." आणि माझा सूर गेला.

"आई, द्या तो टोप इकडे," मानसी म्हणाली.

सिलिंडर बंदच होता. ती आत गेली, टोप बाकाखाली ठेवून बाहेर आली. आम्ही तिघं दाराकडे तोंड करून उभे राहिलो. चार-पाच मिनिटं गेली, आणि यंत्राने टाहो फोडला. तिने टोप बाहेर आणला. यंत्र थांबलं. तिने हे आणखी एकदा केलं. खात्रीसाठी, असं ती म्हणाली. मला वाटतं आनंदासाठी.

मी माहितीपुस्तक पुन्हा उघडलं. तेच पान. पहिली ओळ, केसांचे स्प्रे. दुसरी ओळ: यीस्ट घालून फुगत ठेवलेलं पीठ. त्यातून निघणाऱ्या वाफा यंत्राला गॅससारख्याच वाटतात म्हणे. पहिल्या ओळीत बायको सापडली म्हणून मी दुसरी वाचलीच नव्हती.

"माझ्या पिठाक गॅस म्हणता मेला," आई म्हणाली, पण तिने झाकण उघडलं तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. सकाळपासून सहा वेळा वाळवंटात फिरवून आणलेलं पीठ टोपाच्या काठाला टेकलं होतं.

टोप बाहेर खुर्चीवर, गोळे आत शेगडीजवळ, अशी मी स्वतः ने-आण केली. अलार्म एकदाही वाजला नाही. अबू नासर दीड वाजता आले. पहिला वडा फुटून वाफ निघाली तेव्हा त्यांनी बाही मागे सारली, आणि नऊ वडे संपेपर्यंत मान वर केली नाही. मग आईला म्हणाले, "शुक्रन, अम्मा." आई म्हणाली, "आणि एक घेवा," आणि आश्चर्य म्हणजे त्यांना ते कळलं.

जाताना त्यांनी मला विचारलं, "नंदन, कॅरॅव्हॅन सब ठीक?"

"एकदम," मानसीने उत्तर दिलं. "इसने अलार्म भी चेक किया. बहुत बार."

रविवारी पहाटे आईला विमानात बसवलं आणि ऑफिसला गेलो. आमच्याकडे नियम आहे की घटना कितीही क्षुल्लक असो, तिचा रिपोर्ट भरलाच पाहिजे. नियम मीच केलाय. मग मीच केलेला फॉर्म मीच भरला. मूळ कारण या रकान्यात "वड्याचं पीठ" इंग्रजीत कसं लिहावं यावर वीस मिनिटं गेली. दुपारी तो अबू नासरच्या सहीनिशी परत आला. सुधारणा या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: सेफ्टी ऑफिसरला प्रशिक्षण देणे. प्रशिक्षक, त्याची आई. मुदत, पुढचा हिवाळा, इन्शाल्ला.

मी फॉर्मचा फोटो आईला पाठवला आणि फोन करून वाचूनही दाखवला. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "येतय. पण फुडच्या वर्साक ती शिट्टी माझ्या गळ्यात घाल."

शिट्टी मी धुऊन ठेवली आहे.