यासीनसरांनी घेतलेली रुजवात

बारामती-इंदापूरच्या केंद्रांत बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या बंधू-भगिनींनो, यंत्र चुकले की चोर आपण ठरतो. हा अपमान आपण सगळ्यांनी गिळला आहे. म्हणून यासीन आतारसरांच्या साठीनिमित्त नुसते गोड लिहिणे मला जमणार नाही.

सरांची ओळख बारामतीतल्या त्यांच्या संगणक वर्गात झाली. मोरगावहून एसटीने मी उशिरा पोचलो, तर म्हणाले, "या मोरगावचे गणपती! विसर्जनालाच आलात?" वर्ग सुटल्यावर सर एका ब्राउझरच्या सुरक्षेचे काम विनामोबदला करत. तो ब्राउझर जगभरातले स्वयंसेवक मिळून बनवतात.

गेल्या वर्षी लासुर्ण्याजवळच्या एका वाडीत मंगलताईंच्या केंद्रातून अर्जासोबत पाठवलेली लोकांची कागदपत्रे भामट्यांच्या हाती लागली. वाडी म्हणाली, बाईनेच दिली. केंद्राला कुलूप लागले. ताई सरांकडे आल्या. "सर, म्या न्हाय केलं. पोरीच्या सासरची बी तोंड फिरवाय लागल्यात."

सरांचे वडील इंदापूरच्या कचेरीत नकला उतरवत. एकाने अस्सल, म्हणजे मूळ कागद, मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर खूण करायची. याला रुजवात म्हणतात. ताईंच्या केंद्रात सरांचाच ब्राउझर होता, म्हणून सरांनी त्याच्या कोडची तशीच रुजवात घेतली. एखादे पान नवी खिडकी उघडते, तेव्हा ब्राउझर त्या पानाच्या सुरक्षा-नियमांची नक्कल नव्या खिडकीला देतो. मी मूळ नियम वाचत गेलो, सर नकलेच्या कोडवर बोट फिरवत गेले. 'माहिती परक्या ठिकाणी पाठवू नये' हा नियम आला आणि बोट थांबले. नकलेत तो नव्हताच. भामटे त्याच फटीतून शिरले होते.

"हे कोणी लिहिलंय, सर?"

"मीच. नियम वाढवला, नकलेत घालायचा राहिला."

दुरुस्ती एका ओळीची होती. नक्कल दर वेळी अस्सलाशी आपोआप ताडून पाहणारी चाचणीही सरांनी जोडली आणि दुरुस्तीसोबतच्या टिपणात स्वतःच्या नावाने चूक कबूल केली. मग वाडीत जाऊन तेच सांगितले. पारावरून एकजण ओरडला, "तुमी चुकला म्हनून बाई सुटली व्हय, मास्तर?"

"व्हय. चोर बघायचा असंल तर माज्याकडं बघा."

मी पुष्कळ ग्रंथ वाचले, पुष्कळ व्यासपीठे गाजवली. चूक झाकायच्या युक्त्या सगळीकडे भेटल्या, अशी कबुली एकदाच ऐकली. तरी कुलूप तसेच आहे. मंगलताई आज उसात खुरपायला जातात, आणि सरांना ते सहन होत नाही.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. पण त्या आयुष्यात हा सल ठेवायचा की नाही, ते, हे वाचणाऱ्या वाडीकरांनो, तुम्ही ठरवायचे. येत्या ग्रामसभेत मंगलताई निर्दोष असल्याचा ठराव येईल. हात वर करा.