शांतपणे करपलेले रोडगे

शांत माणसाच्या हाताखाली रोडगे करपतात, हे मला गेल्या माघात कळलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात यवतमाळला आम्हा मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण झालं होतं. विषय होता, शरीराचं भान ठेवून नेतृत्व. शिकवणाऱ्या मॅडमचा आवाज इतका मऊ, की मागच्या रांगेतले गुरुजी घोरायला लागले (तेही पूर्ण भानात!). राग आला की आधी जबडा तपासा, खांदे सैल सोडा, तळपाय जमिनीला टेकलेत का बघा, श्वास पोटापर्यंत जाऊ द्या, मगच बोला. मी मन लावून ऐकलं, कारण मला शाळेपेक्षा घरची काळजी होती.

आमच्याकडे तुरी निघाल्या की राळेगावजवळच्या शेतात सगळ्या घराचं रोडग्यांचं जेवण असतं. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि वांग्याच्या भाजीत तूप घालून कुस्करून खायचे. या कारभाराच्या प्रमुख माझ्या मोठ्या जाऊबाई, आक्का. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगा नीलेश त्यांना नाशिकला घेऊन गेला. तेव्हापासून घरात फ्रिजचा आवाजसुद्धा ऐकू येतो आणि मला त्याचाही राग येतो. यंदा नीलेश एकटाच आला आणि म्हणाला, "काकू, या साली पाहू. नाही जमलं तं पुढच्या सालापासून आचारीच सांगू. तुमाले कायले तरास?"

आचारी आला की आम्ही सगळे पाहुणे होणार. मग हळूहळू कोणी शेतात यायचंही नाही. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

रोडगे निखाऱ्यात गेले. पुरुषमंडळी आगीभोवती गप्पांत रंगली. फिरवायचं कुणी नाव घेईना. माझा जबडा आवळला. आणि ते माझ्या लगेच लक्षात आलं! मी निंबाखाली बसले, डोळे मिटले, पोटावर हात ठेवला आणि लांब श्वास सोडला.

"हिले पित्त झालं वाटते," असं म्हणत आमचे हे लिंबूपाणी घेऊन आले. मी मानेनंच नको म्हटलं, तर नणंद येऊन आपलं काय चुकलं म्हणून विचारायला लागली. मी तिच्या डोळ्यांत शांतपणे बघून हसले. तशी ती रडायलाच लागली! तिला समजवायला बायका आल्या, बायका का जमल्या ते बघायला पुरुष आले आणि आगीपाशी फक्त कुत्रं उरलं.

धूर दिसला तेव्हा मी तळपाय नीट टेकवले आणि सौम्य आवाजात म्हटलं, की आता रोडगे काढायला हरकत नसावी. ते कुणाला ऐकूच गेलं नाही. यांनी मला पडून राहायला सांगितलं.

रोडगे निघाले तेव्हा परातीत टाकताना खणखण वाजत होते. कधी फिरवायचे, कधी काढायचे, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आक्का ओरडल्या की फिरवायचे, पुन्हा ओरडल्या की काढायचे, एवढीच इतक्या वर्षांची रीत! मीसुद्धा डोळे मिटून त्यांच्याच हाकेची वाट बघत होते, हे तेव्हा मला उमजलं.

नीलेशनं आईला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. आक्कांनी परातीतले जळलेले रोडगे बघितले. मी डोळे मिटून बसले होते, हे नणंदेनं मागून सांगून टाकलं.

"जयले तं जयले. पण तू ओरडली काहून नाही? मी इथं नाशकात भिंती पाहून राह्यली, आन् तू वावरात जाऊन डोये मिटून बसली?"

मग त्या सुटल्या. आग कोणी लावली, यांच्या अंगात स्वेटर का नाही, माझी हाडं का दिसताहेत, सगळ्यांचा समाचार घेतला. शेवटी नीलेश म्हणाला, "आचारी राहू द्या, काकू. पुढच्या साली आईलेच आणतो."

आक्कांचा पट्टा चालूच होता. आणि प्रशिक्षणात जे मला काही केल्या जमलं नव्हतं, ते आपोआप झालं. जबडा सुटला, खांदे उतरले, श्वास थेट पोटापर्यंत गेला. जागी व्हायची होती माझ्यातली नेता. जागी झाली ती धाकटी जाऊ. आक्का दम घ्यायला थांबल्या, तर मी घाबरून म्हणाले, "आक्का, अजून थोडं रागवा ना मले."